तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या मुलाचा फोन

"तुमच्या मुलाला कुठला फोन घेतलात?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की कोणी नुसतं "एक विचारू का?" म्हटलं तरी मी उत्तराची जुळवाजुळव करायला लागते. मी फोन दुरुस्त करते. डिस्प्ले, चार्जिंग पोर्ट, फुगलेल्या बॅटऱ्या यांत दिवस जातो. त्यामुळे लोकांची समजूत अशी की हिला आतलं काहीतरी माहीत असणार, हिने स्वतःच्या मुलाला घेतला तोच घ्यायचा आणि मोकळं व्हायचं. मग मी सांगते, माझ्या अकरा वर्षांच्या मुलाकडे माझाच जुना स्मार्टफोन आहे. त्यात ब्राउझर बंद आहे, माझ्या परवानगीशिवाय नवीन ॲप येत नाही, आणि कॉल फक्त यादीतल्या नंबरांना लागतो आणि यादीतल्याच नंबरांवरून येतो. हे ऐकून निम्म्यांना मी जेलर वाटते. उरलेले म्हणतात, अकराव्या वर्षी फोन दिलाच कशाला? दोघांनाही घाई असते आणि दोघांनाही फोनचं नाव हवं असतं. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

मुलांना फोन द्यावा की न द्यावा, यावर मी बोलणार नाही. तो टप्पा ओलांडूनच तुम्ही माझ्याकडे आलेले असता. डोळे, झोप, अभ्यास हे सगळं तुम्हाला माझ्याइतकंच पाठ आहे.

यंत्राचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. मेगापिक्सेल विसरा. सेटिंग्जमध्ये जाऊन सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. कंपनीने अपडेट द्यायचं थांबवलेला फोन दिसायला कितीही चकाचक असला तरी नको. गूगलने २०२३ मध्ये आणि सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या वरच्या श्रेणीतल्या फोनना सात वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलं. तेव्हा असा दोन-तीन वर्षं वापरलेला फोन नव्या कोऱ्या स्वस्तातल्या फोनपेक्षा बरा पडू शकतो. फक्त वापरलेला घेताना आधीच्या मालकाला त्याचं अकाउंट स्वतःच्या हाताने काढायला लावा. नुसता रिसेट मारून आणलेला फोन चालू झाल्यावर पुन्हा त्याच अकाउंटचा पासवर्ड मागू शकतो. मग तुम्ही तो माझ्या टेबलावर ठेवता, मी "हे होणार नाही" म्हणते आणि तुम्ही रागावता. मागचं झाकण एका बाजूने किंचित वर आलेलं असेल, तर आत बॅटरी फुगलेली असू शकते, असला फोन मुलाच्या उशाशी जाता कामा नये. आणि आयपी६८, म्हणजे धूळ-पाणी आत जाऊ न देण्याचा दर्जा, लिहिलंय म्हणून मुलाला तो फोन घेऊन पाण्यात उतरू देऊ नका. ती चाचणी स्वच्छ पाण्यात, ठरावीक वेळ केलेली असते, आणि एकदा उघडून बंद केलेल्या फोनचं सील पहिल्यासारखं बसेल याची खात्री मी देत नाही. मी स्वतः बसवलं असलं तरी.

बटणांचा फोन का नाही? दिला होता. वर्षभर चालला, काही तक्रार नव्हती. तुम्ही देणार असाल तर ड्रॉवरमधला जुना काढून देऊ नका. बऱ्याच देशांत २जी आणि ३जी नेटवर्क बंद झालीत किंवा होतायत, त्यामुळे ४जीवरून कॉल करता येणारा घ्यावा लागेल, नाहीतर तो नुसता टॉर्च. आमच्याकडचा बंद झाला तो मुलाच्या वर्गाच्या चॅट ग्रुपमुळे नव्हे, लोकेशनमुळे. तो कुठे आहे हे मला नकाशावर बघायचं होतं. त्याला नव्हतं दाखवायचं, मला बघायचं होतं. हे इथे प्रामाणिकपणे लिहिते. बोलताना मी "सोयीसाठी बदलला" असं सांगते.

घड्याळ का नाही, हाही एक ठरलेला प्रश्न. २०१७ मध्ये नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने मुलांची काही स्मार्टवॉच तपासली. त्यांपैकी काहींत भलताच माणूस शिरून मूल कुठे आहे ते बघू शकत होता, त्याच्याशी बोलूही शकत होता. त्याच वर्षी जर्मनीच्या नियामकाने गुपचूप ऐकता येणाऱ्या घड्याळांवर बंदी घातली. कारण आईवडील त्यातून वर्गात शिक्षक काय बोलतात ते ऐकत होते! तेव्हापासून घड्याळं सुधारली असतीलही. पण नकाशा बघण्याचा मोह मला आवरला नाही, मग ऐकण्याचा आवरला असता असं मी कशाच्या जोरावर म्हणू?

आणि ते १३ वर्षांचं. "ॲपवाले तर तेराव्या वर्षी परवानगी देतात," असं तुम्ही म्हणता, जणू बालमानसशास्त्राच्या तज्ज्ञांनी बसून ते वय ठरवलंय. तो आकडा अमेरिकेतल्या १९९८ च्या एका कायद्यातून आला. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करू नये, एवढंच त्यात आहे. तेराव्या वर्षी शहाणपण येतं असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोशल मीडियाच्या खात्यांसाठी १६ ची अट घातली, तेव्हापासून काही जण मला "तिकडे तर मुलांना फोनच बंद केलेत" असं ऐकवतात. फोन बंद केलेले नाहीत, ठरावीक ठिकाणची खाती बंद केलीत.

आता त्या संध्याकाळबद्दल. ही गोष्ट मी सहसा अर्धीच सांगते. ऐकणारा मध्येच "म्हणजे तुमचंच चुकलं" किंवा "म्हणजे असले लॉक वाईटच" म्हणून मोकळा होतो.

पोहण्याच्या सरावाहून त्याला आणायला मी जाते. त्या दिवशी पुढे कुठेतरी अपघात झाला होता आणि माझी बस जागची हलत नव्हती. दिवसभर दुसऱ्यांच्या बॅटऱ्या बदलणाऱ्या बाईचा फोन तेवढ्यात मान टाकून मोकळा झाला. शेजारी बसलेल्या बाईंनी न मागताच त्यांचा पुढे केला. मुलाचा नंबर मला पाठ आहे. लावला. एक रिंग वाजली आणि कट. मला वाटलं, अनोळखी नंबर म्हणून यानेच कापला, आम्हीच तसं शिकवलंय. पुन्हा लावला. पुन्हा तसंच. कट व्हायला दर वेळी नेमका तेवढाच वेळ लागत होता. माणूस इतक्या सारख्या वेळात कापत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच्याकडे फोन वाजतच नव्हता. यादीबाहेरचे कॉल अडवायचं सेटिंग मीच केलेलं होतं. केल्यावर टेबलावरच्या एका सुट्या फोनवरून लावूनही बघितलं होतं, आणि तो झटक्यात कट झाला तेव्हा मला केवढं समाधान वाटलं होतं.

मेसेज टाकला. तोही अडणार हे माहीत असून टाकला. मग त्या बाईंना विचारून त्यांच्या फोनवर माझं अकाउंट उघडायला घेतलं, म्हणजे मुलाच्या फोनवरचं सेटिंग लांबूनच काढता येईल. पासवर्ड बरोबर पडला. स्क्रीनवर आलं, तुमच्या फोनवर सूचना पाठवली आहे, तिथे 'होय' दाबा. माझा फोन पर्समध्ये मेलेला. दुसरा मार्ग विचारला तर त्याच नंबरवर कोड. तिसरा मार्ग म्हणजे बॅकअप कोड. ते मी कागदावर छापून घरी कपाटात ठेवलेत, अगदी सुरक्षित. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा असं मी टेबलाशी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. ते उत्तम चालतं. मी स्वतः माझ्याच घरात शिरू शकत नव्हते इतकं उत्तम.

नवऱ्याला लावावा, तर त्याचा नंबर मला पाठ नाही. मुलाकडून आम्हा दोघांचे नंबर घोकून घेतले होते, मी मात्र घोकला नव्हता. बाई मधूनमधून माझ्याकडे बघत होत्या. मी फोन दुरुस्त करते हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

तिकडे तो मला लावत होता, तर 'स्विच्ड ऑफ'. बाबांचा कामाच्या वेळात लॉकरमध्ये असतो. आजी यादीत होती, तिने लगेच उचलला, पण ती राहते दुसऱ्या गावी. ती तिथून मला लावत बसली आणि घाबरली. सरांचा नंबर यादीत होता, पण जुना. सरांनी तो बदलला होता, आणि नवा मी टाकेपर्यंत माझ्या परवानगीविना तो नंबर त्याला लावताच येत नव्हता. तातडीच्या सेवांचे नंबर लागले असते, ते कुठल्याच लॉकमध्ये अडत नाहीत. पण आई आली नाही म्हणून पोलिसांना कोण लावतं? फाटक बंद झालं. दुसऱ्या एका मुलाची आजी नातवाला घेऊन त्याच्यासोबत थांबून राहिली.

मी पोचले तेव्हा तो रडत वगैरे नव्हता, वैतागलेला होता. "तुझा फोन बंद होता," एवढंच म्हणाला. घरी आल्यावर फोन चाळताना त्याला अडवलेल्या कॉलची यादी सापडली, एकाखाली एक तोच नंबर.

"हा कोण गं? सारखा सारखा करत होता."

"मीच."

"मग वाजला का नाही?"

मी समजावून सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे तू तुलाच ब्लॉक केलंस?" मग तो पोट धरून हसला. मला हसू आलं नाही. "तसं नाही" म्हणायला मी तोंड उघडलं आणि पुढचं वाक्य सुचेना.

त्या रात्री मी ते सेटिंग काढून टाकलं. आदल्या दिवशीपर्यंत जी बाई सगळ्यांना "यादी करा, यादी" म्हणून सांगत होती, तिच्याशी मी मनात पुष्कळ भांडले. ती म्हणत होती, हजारातून एक अशी संध्याकाळ, त्यासाठी बाकी सगळे दरवाजे उघडे टाकणार का? मी म्हणत होते, फोन नसता तर हा सरळ सरांना धरून आत थांबला असता. फोन आहे म्हणून आपण 'आई आली नाही तर काय करायचं' हे त्याच्याशी बोललोच नव्हतो. "फोन कर" एवढंच आमचं ठरलेलं होतं. यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, पण ती गप्पही बसली नाही.

आणि तिचंही खोटं नव्हतं. सेटिंग काढून थोडे दिवस झाले असतील. जेवताना तो सहज म्हणाला, एका काकांचा फोन आलेला, छान बोलत होते. काका काही सर्व्हे करत होते. आईचं नाव काय, ती काय करते, घरी किती वाजता येते, तोवर घरात कोण असतं. याने सगळी उत्तरं दिली होती, 'हो काका, नाही काका' करत. मोठ्यांशी नीट बोलायचं हे आम्हीच शिकवलंय. खरंच सर्व्हे असेलही. तो नंबर मी परत लावला, तर लागला नाही. त्याच रात्री यादी पुन्हा चालू केली.

तर आत्ता असं आहे. यादी लांबली आहे, सरांचा नवा नंबर आणि दोन मित्रांच्या घरचे नंबर त्यात आलेत. त्या मुलाच्या आजींचाही आहे. दप्तराच्या आतल्या कप्प्यात नंबरांचा एक कागद आहे. उशीर झाला तर फाटकाबाहेर यायचं नाही, असं ठरलंय. नवऱ्याचा नंबर मी पाठ केलाय. पण उद्या पुन्हा कुणाच्या उसन्या फोनवरून मी मुलाला लावला, तर तो कटच होणार. हे मला पक्कं माहीत आहे, आणि माहीत असून सेटिंग तसंच आहे. नकाशाही मी अजून बघते. त्याला ते कळतं, त्याच्या फोनवर वर निळी खूण दिसते.

तरी फोनचं नाव हवंच असेल तर मी देईन, पण तुमचं मूल एकटं कुठे कुठे जातं, तिथे कोण असतं आणि तुमचा फोन लागला नाही तर ते काय करणार आहे, हे आधी मला सांगा. बहुतेक जण इथे म्हणतात, "ते बघू नंतर, आधी बजेट सांगते."

माझ्याकडचा मामला मिटलेला नाही, तोही सांगून ठेवते. मुलाला वर्गाचा ग्रुप हवाय आणि यादी जायला हवीय. वाद घालताना तो दर वेळी ती संध्याकाळ काढतो. मी सर्व्हेवाले काका काढते. मग तो विचारतो, यादी कधी काढणार ते तरी सांग. मी पहिल्यांदा "बाराव्या वर्षी" म्हणाले होते. त्याने विचारलं, बाराच का? तेव्हा त्या १३ च्या आकड्यावर मी जे तुम्हाला वर ऐकवलं, ते त्याने मला ऐकवलं. माझ्याकडूनच ऐकलेलं होतं. तारीख मी अजून दिलेली नाही.