तुम्ही विचारलंत म्हणून: लहान अपडेट घेत राहायचे की एकदाच पूर्ण?

नागपुरात धरमपेठेतली सीए ऑफिसं असोत की इतवारीतल्या पेढ्या, जिथे जिथे मी कॉम्प्युटर सांभाळते तिथे हा प्रश्न येतोच. "ताई, हे दर महिन्याचे लहान अपडेट घेत राहू, का सगळे बंद करून वर्षातून एकदा पूर्ण विंडोज टाकून घेऊ?" विचारणाऱ्याचा कल बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूला असतो. रोजची कटकट नको, एकदाच काय ते होऊन जाऊ द्या. माझं उत्तर मात्र उलटं आहे: लहान घेत राहा, आणि पूर्ण अपडेट हाताशी ठेवा, तो लागेल तेव्हा बिनदिक्कत करा. त्यामागचं कारण उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून लिहिते.

लहान अपडेटमध्ये पूर्ण फाइल येत नाही. जुन्या फाइलीत कुठे काय बदलायचं, तेवढंच येतं. पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र असतं ना, पान 42, ओळ 7, अमक्याऐवजी तमकं वाचावं, तसं. शुद्धिपत्र एका पानात मावतं, पण ते कामाला यायचं तर तुमच्याकडे तीच आवृत्ती हवी आणि पान 42 शाबूत हवं. कॉम्प्युटरही हे ताडून बघतो. अँड्रॉइड फोनवर लहान अपडेट बसवण्याआधी जुन्या भागाचा हॅश, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेला आकडा, जुळतो का ते तपासलं जातं. न जुळल्यास अपडेट बसतच नाही. रूट केलेल्या, म्हणजे सिस्टिममध्ये फेरफार केलेल्या फोनवर हे अपडेट अडकतात ते यामुळेच. पूर्ण अपडेटला आधी काय होतं याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, तो स्वतःच्या सगळ्या फाइली घेऊनच येतो. म्हणून तो जड असतो आणि म्हणूनच भरवशाचाही.

विंडोजवाल्यांनी यात मधली वाट काढली आहे, आणि ती बऱ्याच जणांना माहीत नसते. 2015 मध्ये विंडोज 10 आलं तेव्हापासून महिन्याचा अपडेट क्युम्युलेटिव्ह असतो, म्हणजे त्या आवृत्तीच्या मागच्या महिन्यांच्या दुरुस्त्याही त्यात असतात. तीन महिने बंद असलेला कॉम्प्युटर उघडला तरी सहसा शेवटचा एकच अपडेट लागतो, आणि त्यातलंही जे तुमच्याकडे आधीच आहे ते पुन्हा उतरवलं जात नाही. फक्त आदल्या महिन्यावरच बसतील असे डेल्टा अपडेटही मायक्रोसॉफ्ट काही काळ काढत असे, ते 2019 मध्ये बंद झाले. मॅकवर कॅटालिना या आवृत्तीपर्यंत डेल्टा आणि कॉम्बो (मागच्या सगळ्या दुरुस्त्या एकत्र) असे दोन प्रकार वेगवेगळे उतरवता येत. 2020 च्या बिग सर या आवृत्तीपासून सिस्टिमचा भागच सीलबंद झाला आणि ती निवड आपल्या हातात राहिली नाही.

आता "चालून राह्यलं ना व्यवस्थित, मंग काहून छेडता?" हा आक्षेप. तो मला मनापासून काळजीत टाकतो. 14 मार्च 2017 ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या फाइल शेअरिंगच्या एका भगदाडाची दुरुस्ती दिली. 12 मे 2017 ला त्याच भगदाडातून वॉनाक्राय जगभर पसरला आणि लोकांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. मध्ये जवळजवळ दोन महिने गेले होते. ज्यांनी मार्चचा अपडेट घेतला होता त्यांच्या मशीनमध्ये शिरायला ती वाट उरलीच नव्हती. वर्षातून एकदाच अपडेट करायचं ठरवलं, तर अशी दारं महिनोन् महिने उघडी राहतात. ज्या पेढीच्या एका मशीनवर सगळी टॅली आहे, तिथे ही जोखीम घ्यावी असं मी कुणालाही सांगणार नाही.

कटकट कमी करायची तर तारखा जमवा. महिन्याचा अपडेट अमेरिकेतल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी निघतो, तेव्हा आपल्याकडे मंगळवारची रात्र झालेली असते आणि ऑफिसातल्या मशीनला तो बुधवारी दिसतो. दुसरा मंगळवार 8 ते 14 तारखेच्या आत कुठेतरी पडतो. महिन्याला जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, भरणाऱ्यांची तारीख 11. म्हणजे काही महिन्यांत ऐन घाईत रीस्टार्टची सूचना यायचीच. त्यावर उपाय सेटिंग्जमध्येच आहे: अपडेट आठवडाभरासाठी पॉज करा, 11 तारीख जाऊ द्या, मग शनिवारी संध्याकाळी ऑफिस बंद करताना लावून टाका. अपडेटची सर्व्हिसच बंद करून द्या, असा हट्ट काही जण धरतात. ते मी करत नाही.

पूर्ण अपडेटची वेळ कधी येते? तोच लहान अपडेट दोनदा-तीनदा अर्ध्यात फिरला आणि "बदल मागे घेत आहोत" असं म्हणून मशीन जुन्या जागी आलं, की समजायचं, पान 42 फाटलेलं आहे. आधी मी डीआयएसएम आणि एसएफसी या दोन कमांड चालवून बघते. खराब झालेल्या सिस्टिम फाइली त्यांनी बऱ्याचदा दुरुस्त होतात. तरीही अपडेट बसला नाही तर त्याच जागी पुन्हा पुन्हा ठिगळ लावत बसण्यात अर्थ नसतो. तेव्हा सरळ पूर्ण.

इथे एक घोळ सोडवायला हवा, कारण त्याने लोकांचं खरोखर नुकसान होतं. पूर्ण अपडेट म्हणजे फॉरमॅट नव्हे. बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) दुकानात मशीन दाखवलं की "फॉरमॅट मारून देऊ" हे वाक्य सहज ऐकू येतं, आणि लोक त्यालाच पूर्ण अपडेट समजतात. फॉरमॅटमध्ये सी ड्राइव्ह कोरा होतो. डेस्कटॉपवरच्या फाइली जातात, टॅलीचा डेटा सीवर असला तर तो जातो, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटर, जुन्या पत्रांचे कृतिदेव आणि श्रीलिपीचे फॉन्ट, सगळं पुन्हा जमवावं लागतं. त्याउलट विंडोजची आयएसओ फाइल (पूर्ण विंडोज एकाच फाइलीत) उघडून चालू विंडोजमधूनच सेटअप सुरू केला आणि "फाइली व ॲप्स ठेवा" हा पर्याय निवडला, तर सिस्टिमच्या फाइली नव्या येतात आणि तुमचं सामान जागेवर राहतं. विंडोज 11 च्या ताज्या आवृत्त्यांत तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीमध्ये हेच काम विंडोज अपडेटमार्फत करायचं बटण आहे. मी शंभरदा सांगेन: फॉरमॅटला हो म्हणण्याआधी हे करून बघितलंत का, ते दुकानदाराला विचारा.

नवी वार्षिक आवृत्ती हा प्रकार वेगळा, तिथे मी सबुरीच्या बाजूची आहे. ती अलीकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात येते, दसरा-दिवाळीच्या आसपास. 2018 मध्ये विंडोज 10 ची ऑक्टोबरची आवृत्ती 2 तारखेला निघाली आणि 6 तारखेला थांबवावी लागली, कारण काहींच्या फाइली पुसल्या जात होत्या. डॉक्युमेंट्ससारखं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवलेलं आणि काही फाइली जुन्या जागी राहिलेल्या, अशा लोकांना तो फटका बसला. आपल्याकडे डॉक्युमेंट्स डी ड्राइव्हवर नेण्याची सवय किती आहे, ते बघा. ती आवृत्ती 13 नोव्हेंबरला पुन्हा आली. म्हणून दिवाळी होऊ द्या, मग घ्या. तोवर जुन्या आवृत्तीचे महिन्याचे अपडेट येतच असतात, संरक्षणात खंड पडत नाही.

आता नागपूरची गोष्ट. पूर्ण अपडेटमध्ये प्रोसेसर बराच वेळ जोरात चालतो. मे महिन्यात दुपारी 45 अंशांत, घराघरात कूलर सुरू आणि व्होल्टेज खालीवर होत असताना, जुना लॅपटॉप त्यात घालू नका. पहाटे लावा, चार्जर जोडून, डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर. यूपीएसची बॅटरी दहा मिनिटं तरी तग धरते का, ते आदल्या दिवशी बघून ठेवा. सी ड्राइव्हवर 20-25 जीबी जागा रिकामी हवी. डेटाची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क काढून ठेवलेली. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, सुरू असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, कारण अपडेटनंतर मशीनने ती मागितली आणि तुमच्याकडे नसली, तर मी किंवा आणखी कुणी काही करू शकत नाही. नवी आवृत्ती रुचली नाही, तर साधारण दहा दिवसांत मागे फिरता येतं. तेवढे दिवस जुनं विंडोज ठेवलेलं विंडोज.ओल्ड फोल्डर जागा खातं म्हणून पुसू नका.

हल्ली विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं मशीन विंडोज 10 वर असतं. त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे लहान की पूर्ण हा प्रश्न त्यांच्यासाठी आता तसा उरलेला नाही. मशीन विंडोज 11 ला चालत असेल, म्हणजे टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आणि पुरेसा नवा प्रोसेसर असेल, तर वर सांगितलेली तयारी करून पूर्ण अपडेट घ्या. चालत नसेल तर घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, तिच्यात नाव नोंदवा. तिची मुदत मायक्रोसॉफ्टने पहिल्यांदा 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत जाहीर केली होती. आणि निव्वळ टायपिंग आणि ब्राउझिंगचंच काम असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून घ्या, तुमच्या जुन्या मशीनवर ते छान चालेल.