सहीसलामत

मंगळवार, रात्री

सोसायटीच्या देखभाल खर्चाचा माझा चेक आज परत आला. सचिवांनी तो संध्याकाळी घरी आणून दिला तेव्हा ते माझ्यापेक्षा अधिक ओशाळलेले होते, आणि सोबतचा रिटर्न मेमो त्यांनी घडी घालूनच माझ्या हातात ठेवला. खात्यात पैसे नाहीत असे मुळीच नव्हते. कारणाच्या रकान्यात लिहिले होते की खातेदाराची सही जुळत नाही. हेच कारण मी आयुष्यात किती जणांच्या चेकवर लिहिले असेल याची मोजदाद नाही, आणि ते लिहिताना समोरच्या माणसाला रात्री झोप येईल की नाही असा विचार एकदाही मनात आला नव्हता.

३१ वर्षे बँकेत काढली, त्यातली निम्मी तरी लोकांच्या सह्या पडताळण्यात गेली. संगणक येण्यापूर्वी नमुना सह्यांची कार्डे लाकडी खणात खाते क्रमांकाप्रमाणे लावलेली असत, आणि काही खातेदारांच्या सह्या मला इतक्या पाठ होत्या की कार्ड काढण्याची गरजच पडत नसे. नव्याने लागलेल्या मुलांना मी सांगत असे की खरी सही वेडीवाकडी असली तरी वेगात केलेली असते आणि खोटी सही सुबक असली तरी रेंगाळलेली असते. नक्कल करणारा माणूस सही करत नाही, ती काढतो, आणि म्हणून त्याच्या रेषेत मध्येच थांबल्याची, पेन उचलल्याची, किंचित थरथरल्याची खूण राहून जाते. आज जेवणानंतर भिंग घेऊन मी स्वतःचा चेक पाहिला. आडनावाच्या शेवटच्या अक्षरातून निघून संपूर्ण नावाखालून मागे जाणारी माझी ती रेघ, जी मी कॉलेजात असल्यापासून एका झटक्यात ओढत आलो, ती दोन ठिकाणी थांबलेली होती. तिसऱ्या ठिकाणी पेन उचललेले होते.

मीही तो चेक परतच केला असता. शाखेतल्या त्या मुलावर मला रागावताही येत नाही, हेच खरे दुखणे आहे.

नऊ आठवड्यांपूर्वीच्या त्या सकाळी सुरुवात शर्टाच्या तिसऱ्या बटणापासून झाली. दोन बटणे लागली, तिसरे बोटांना सापडेना, आणि उजवा हात दुसऱ्या कुणाचा तरी आणून खांद्याला टांगावा तसा लोंबू लागला. हिला हाक मारावी म्हणून तोंड उघडले तर जे बाहेर पडले ते मराठी नव्हते, खरे म्हणजे कुठल्याच भाषेतले नव्हते. ती आली, तिने मला खुर्चीत बसवले, आणि वीस मिनिटांत सगळे जिथल्या तिथे परत आले. त्यानंतर मी जे केले त्याची आठवण आजही नको वाटते. पित्त झाले असेल म्हणून लिंबूपाणी घेतले आणि दोन तास शांतपणे झोपलो. नंतर रुग्णालयात कळले की गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि असा झटका येऊन गेल्यावर मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त असतो. मी त्या मौल्यवान वेळातले दोन तास घोरत होतो. दादांच्या वेळी आम्ही सगळे जण जवळ होतो, तरी... ते असो.

तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी फार नीट समजावून सांगितले. याला मिनी स्ट्रोक म्हणतात, त्यांच्या भाषेत टीआयए. मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा थोडा वेळ अडतो आणि गुठळी आपली आपण विरली की पुन्हा सुरू होतो. पूर्वी २४ तासांच्या आत लक्षणे ओसरली की त्याला हे नाव देत असत. आता एमआरआयमध्ये मेंदूला इजा झालेली दिसली नाही तरच देतात. माझ्या एमआरआयमध्ये काही नव्हते. मानेच्या डॉपलर सोनोग्राफीत डाव्या बाजूच्या धमनीत चरबीचे थर दिसले, पण शस्त्रक्रिया करण्याइतके नाहीत. डावीकडून मेंदूला जाणारे रक्त उजवा हात आणि वाचा सांभाळते, म्हणून त्या दोघांचीच पंचाईत झाली होती. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या २१ दिवस घेतल्या, आता त्यातली एक चालू आहे, शिवाय कोलेस्टेरॉलची आणि रक्तदाबाची. ‘हातात काहीही दोष उरलेला नाही,’ असे त्यांनी माझ्यासमोर दोनदा सांगितले. मूठ आवळून पाहिली, डोळे मिटायला लावून दोन्ही हात समोर धरायला लावले, बोट नाकाला लावायला सांगितले. मी पैकीच्या पैकी गुण मिळवले.

त्या दिवशी मी त्यांना म्हणालो होतो की हा आमच्याकडच्या उलट नोंदीसारखा प्रकार दिसतो: चुकून रक्कम नावे पडली, त्याच दिवशी उलट नोंद करून जमा झाली, शिल्लक जैसे थे. त्या हसल्या. मात्र शिल्लक जैसे थे राहिली तरी पासबुकात दोन्ही ओळी छापून येतात, हे मी त्यांना सांगितले नाही, कारण ते तेव्हा माझ्याही लक्षात आले नव्हते.

तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येक जण एकच शब्द उच्चारतो. ‘सहीसलामत सुटलात हो!’ आज त्या शब्दातला पहिला अर्धा भाग माझ्याकडे परत आला, दंडाच्या रकमेसह.

हाताला काही झालेले नाही, तर मग रेघ का थांबते? संध्याकाळपासून मी याच प्रश्नाभोवती फिरतो आहे. मला वाटते की पेन टेकवण्याआधी मी हाताकडे पाहतो. पूर्वी पाहत नसे. हात येईल ना, असे त्याला मनातल्या मनात विचारतो, आणि ज्याला असे विचारले जाते तो हात साहजिकच बिचकतो. केवळ सहीचेच असे झालेले नाही. जिना उतरताना मी पावलांवर नजर ठेवतो. फोनवर बोलताना पुढचा शब्द तोंडात येण्याआधी तो आहे ना याची खात्री करून घेतो, त्यामुळे धाकट्याला वाटते की बाबा नाराज आहेत, आणि मग तोही जपून बोलतो, आणि आम्ही दोघे... असो. नऊ आठवडे मी माझ्यासारखे चालणाऱ्या, माझ्यासारखे बोलणाऱ्या कुणाची तरी नक्कल करतो आहे, आणि नक्कल बऱ्यापैकी जमते म्हणून घरात कुणाच्या लक्षात आलेले नाही. शाखेतल्या त्या मुलाच्या मात्र पडद्यावर चेकचे चित्र पाहून लक्षात आले. त्याने माझे तोंडही पाहिलेले नाही.

घरच्यांची तऱ्हा वेगळीच आहे. माझ्या चहाचा कप अलीकडे पाऊणच भरलेला असतो आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. आंघोळीला जाताना कडी लावायची नाही, दार नुसते लोटायचे, असा हिचा दंडक आहे. रोज सकाळी ब्रश झाला की ती समोर उभी राहते आणि म्हणते, ‘अहो, हसा बघू.’ मी हसतो, ती ओठांची दोन्ही टोके तपासते, मग दोन्ही हात वर करायला लावते, मग काहीतरी बोलायला सांगते. चेहरा, हात, बोलणे, आणि यातले एक जरी बिघडले तरी वेळ न घालवता १०८, असे तिला रुग्णालयात शिकवले आहे आणि ती ते चोख करते. आमच्या लग्नाला ३८ वर्षे झाली. या ३८ वर्षांत मी हसतो की नाही याची इतकी काटेकोर चौकशी कधी झाली नव्हती. बोलण्याच्या चाचणीसाठी मी पहिले काही दिवस रामरक्षेतली ओळ म्हणत असे, आता ‘चहा पूर्ण भरून दे’ असे म्हणतो. उच्चार स्पष्ट आहे एवढीच नोंद घेतली जाते.

आज चेक पाहताना एक जुनी गोष्ट सारखी आठवत राहिली. तासगावला असताना एका निवृत्त मास्तरांच्या घरी मला जावे लागले होते. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला होता आणि पेन्शन काढायची होती. सही करता न येणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घ्यायचा आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असला पाहिजे, असा नियम आहे. अंगठाही उठत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. मास्तरांचे अक्षर तालुक्यात नावाजलेले होते आणि त्यांचे नमुना कार्ड तर पाहत राहावे असे होते. मी शाईचा पॅड पुढे केला तेव्हा त्यांनी डावा हात स्वतःहून दिला, पण तोंड खिडकीकडे फिरवले. ठसा उमटल्यावर त्यांच्या सुनेने बोट पुसण्यासाठी खोबरेल लावलेली चिंधी आणली आणि त्यांनी ती घेतली नाही, शाई तशीच ठेवली. मला पाचच्या आत शाखेत पोहोचायचे होते. मी घड्याळाकडे पाहत होतो, त्यांच्याकडे नाही. ‘नियमात बसते, काळजी करू नका,’ असे काहीतरी मी बोललो. ते बोलायला नको होते.

आता हे लिहून झाल्यावर वाटते की मी जरा जास्तच रडगाणे गातो आहे. मास्तरांचे काय गेले होते आणि माझे काय गेले आहे! रात्री न राहवून नानांना फोन लावला. नानांचा झटका चार वर्षांपूर्वीचा आणि पुरता होता. आमराईत सकाळी ते काठी टेकत एकच फेरी मारतात आणि बाकीचा वेळ बाकावर बसून आमच्या फेऱ्या मोजतात. गेल्या महिन्यात, झटक्यानंतर पहिल्यांदा, मी आमराईत गेलो आणि अर्ध्या फेरीनंतर भीतीने दमलो, तेव्हा त्यांनी काहीही न विचारता बाकावर सरकून जागा करून दिली होती. ‘पहिले काही आठवडे माणूस चालण्याने दमत नाही रे, लक्ष ठेवण्याने दमतो,’ एवढेच ते म्हणाले होते. डॉक्टरबाईंनीही थकवा आणि धास्ती बरेच दिवस राहते असे सांगितले होते, पण त्यांनी सांगितले ते मी फाइलमध्ये ठेवले आणि नानांनी सांगितले ते लक्षात राहिले.

चेकची हकिगत ऐकून नाना खो खो हसले. त्यांचे हसणे एका बाजूनेच होते, ते फोनवरही कळते. मग प्रत्येक शब्द सुटा सुटा करत म्हणाले, ‘अरे, तुला सही बदलायची लाज वाटते? मी तर हातच बदलला.’ ते आता डाव्या हाताने सही करतात, मला ठाऊक होते. बँकेत नवीन नमुना द्यायला त्यांच्यासोबत मीच गेलो होतो. फॉर्म मीच भरला होता, आणि काउंटरवर मीच त्यांना म्हणालो होतो, ‘त्यात काय एवढं, नाना, अर्ज द्यायचा, ओळखपत्र दाखवायचं, नवीन नमुना द्यायचा, झालं.’ नानांनी हे वाक्य मला शब्दशः, माझ्याच सुरात ऐकवले. चार वर्षे त्यांनी ते जपून ठेवले होते असे दिसते.

फोन ठेवल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरचे गेल्या महिन्याचे पान फाडून घेतले. पुढच्या बाजूला दुधाचा हिशोब होता, मागची बाजू कोरी होती. आधी जुनी सही सात वेळा काढून पाहिली. सातही सह्या मी पास केल्या नसत्या. मग ती खालची रेघ सोडूनच दिली. नुसते नाव, आडनावाचे पहिले अक्षर, आणि एक टिंब. हाताकडे न पाहता, खिडकीबाहेर पाहत केली. पाच-सहा झाल्यावर ही पाणी ठेवायला आली, तिने पान उचलले, चष्मा नसल्यामुळे लांब धरून पाहिले आणि एका सहीवर बोट ठेवून म्हणाली, ‘ही बरी आहे. घाईत केल्यासारखी वाटते.’ माझ्या ३१ वर्षांच्या नोकरीत सहीची याहून नेमकी पारख कुणी केली नसेल. तिला मी तसे सांगितले नाही. उद्या अकरा वाजता शाखेत जाईन. खाते दोघांचे असल्यामुळे ती सोबत येणारच आहे, आणि सोसायटीचा दुसरा चेक तिच्या सहीने द्यावा असेही तिने आधीच ठरवून टाकले आहे.

झोपण्यापूर्वी हातपाय धुवायला गेलो तेव्हा मी बाथरूमची कडी लावली. ती बाहेरून काही बोलली नाही. नळ सोडला, आणि सहज खाली पाहिले तर दाराखालच्या फटीतून येणारा उजेड दोन ठिकाणी अडलेला होता, दोन पावलांएवढ्या जागी. मी तोंड धुताना मधून मधून खोकत राहिलो.