तीन पायऱ्या आणि एक बंब

मोडी शिकवताना आमचे सर सांगायचे, कागद हातात आला की वाचत सुटायचं नाही. आधी ओळखीचा एखादा शब्द हुडकायचा, 'मौजे' म्हणा, 'बिन' म्हणा. तो लागला की त्याची अक्षरं लागतात आणि मग ओळ सुटते. गेला महिनाभर रात्री ॲन लिस्टरच्या रोजनिशीची पानं लॅपटॉपवर मोठी करून बघतेय, तर सरांची सारखी आठवण येते.

ही इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सजवळच्या शिबडेन हॉलची जमीनदारीण, जन्म १७९१चा. तिची बाडं वेस्ट यॉर्कशायरच्या अभिलेखागारात आहेत. साडेसात हजारांवर पानं, पन्नासेक लाख शब्द! त्यातला साधारण सहावा हिस्सा तिच्या गुप्त लिपीत: ग्रीक अक्षरं, आकडे, गणिताची चिन्हं. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही. मोडीच की! कुळं, खंड, हवामान सगळं उघड इंग्रजीत. पैशाची ओढाताण आणि बायकांवरचं प्रेम गुप्त लिपीत. (खरं सांगू? मला तिची गुप्त लिपी परवडली. उघड इंग्रजीत बाई शब्द इतके तोडून लिहिते की डोळे फुटतात.)

प्रेमं बरीच. त्यातली मारियाना माझ्या मनातून जात नाही. १८१६ साली तिने चार्ल्स लॉटनशी लग्न केलं आणि नवराबायकोच्या लग्नानंतरच्या सहलीला ॲनही सोबत गेली. काय बघितलं असेल तिने त्या दिवसांत! पुढे १८२३च्या ऑगस्टमध्ये मारियाना येणार म्हणून ॲन कितीतरी मैल चालत माळरानावर गेली, घोडागाडी अडवली आणि आनंदाच्या भरात गाडीच्या तीन पायऱ्या एका दमात चढून आत शिरली. मारियाना हरखली नाही, शरमली. लोक काय म्हणतील! त्या तीन पायऱ्या ॲनला पुढे फार दिवस टोचत राहिल्या.

१८९०च्या दशकात घराण्यातला शेवटचा मालक जॉन लिस्टर आणि त्याचा शिक्षक मित्र आर्थर बरेल हे गुप्त लिपीच्या मागे लागले. दोन अक्षरं अंदाजाने लागली होती. मग एक चिठोरा सापडला: 'देवावर माझी', आणि पुढचा शब्द गुप्त लिपीत. 'आशा'च असणार! इंग्रजी 'होप'ची चार अक्षरं हाती आली आणि रात्री दोनपर्यंत जागून त्यांनी सगळी लिपी सोडवली. मग वाचलं. बरेल म्हणाला, जाळून टाक. जॉनने जाळलं नाही; भिंतीच्या लाकडी फळ्यांमागे दडवलं, असं सांगतात.

इथे मी लॅपटॉप मिटला.

माझी आत्या शाळेत शिक्षिका होती. तिची मैत्रीण माई, दोघी एकतीस वर्षं एका बिऱ्हाडात. आत्या गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची. ट्रंकेतला पत्रांचा गठ्ठा काकांनी माझ्या हातात दिला, "बंबात घाल गं, पाणी तरी तापेल." मी घातला. एकही उलगडून पाहिलं नाही. माई ओसरीवर सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. धूर त्यांना दिसला असणार. त्या उठल्या नाहीत.

आता बरेलवर कोणत्या तोंडाने रागवू?

ॲनने स्वतःही कागद जाळले होते. २९ जानेवारी १८२१ला एका पुरुषाने तिच्यासाठी केलेल्या कविता तिने जाळल्या, पुरुषाच्या कौतुकाची खूण मागे राहू नये म्हणून, आणि आपलं प्रेम फक्त बायकांवर आहे हे त्याच दिवशी लिहून ठेवलं. काय जाळायचं ते तिचं तिने ठरवलं. माईंना कोणी विचारलं नव्हतं.

जॉन १९३३ला गेला. रोजनिश्या हॅलिफॅक्सच्या ग्रंथालयाकडे आल्या, पण ती लिपी वाचणार कोण? ग्रंथपालाने म्हाताऱ्या बरेलला गाठलं. 'जाळ' म्हणणाऱ्या त्या माणसाकडे लिपीची किल्ली चाळीसेक वर्षांनंतरही होती. त्याने ती देऊन टाकली.