बेसमेंटमधली बाथरूम : ड्रेन-व्हेंटचा आराखडा ठरला, स्लॅब अजून शाबूत

घर मिशिगनमधलं. बेसमेंटमध्ये बेसिन, शॉवर आणि कमोड बसवायचे आहेत. आराखडा कागदावर उतरला आहे, आता परमिट आणि मग जमिनीच्या काँक्रीट स्लॅबवर करवत. खाली दिलेले आकडे आयआरसी, म्हणजे घरांसाठीच्या अमेरिकी बांधकाम-कोडप्रमाणे आहेत. न्यू जर्सीत नॅशनल स्टँडर्ड प्लंबिंग कोड चालतो आणि कॅलिफोर्नियात यूपीसीवर (युनिफॉर्म प्लंबिंग कोड) बेतलेला, तेव्हा तिकडच्यांनी आपापला कोड बघूनच अंतरं धरावीत.

सगळा खेळ मुख्य ड्रेनच्या, म्हणजे सांडपाण्याच्या पाइपच्या, खोलीवर आहे. क्लीनआउट (साफसफाईचं झाकण) उघडून आत टेप सोडली, तर स्लॅबच्या वरच्या पातळीपासून चार इंची पाइपचा तळ १७ इंचांवर लागतो. म्हणजे पाइपचा मध्य १५ वर. आडव्या वायमधून (Y आकाराचा जोड) येणाऱ्या तीन इंची फांदीचा तळ तिथे साडेसोळावर बसतो.

आता उलट्या टोकाकडून. शॉवरच्या ट्रॅपमधून (वास अडवायला पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप) निघणाऱ्या दोन इंची पाइपचा तळ १० इंचांवर धरला. तिथून कमोडच्या वायपर्यंत ६ फूट, फुटाला पाव इंच ढाळ, म्हणून साडेअकरा. दोन इंची पाइप तीन इंचीला मध्यावर मिळतो, त्यामुळे तळ आणखी अर्धा इंच खाली जाऊन १२. पुढे ५ फुटांत सव्वा इंच, म्हणजे सव्वातेरा. हातात उरले सव्वातीन इंच. तीन इंची पाइपला फुटाला एक अष्टमांश इंच ढाळही चालतो, पण ती सूट खणताना लागेल म्हणून राखून ठेवलेली बरी. दोन इंचीला ती सूट नाही.

मुख्य ड्रेन फरशीच्या वरून, भिंतीतून बाहेर जात असेल तर हे गणितच लागू होत नाही. मग सांडपाणी वर उचलणारा इजेक्टर पंप लागतो. किमान १८ इंच व्यासाची आणि २४ इंच खोल टाकी, हवाबंद झाकण, टाकीला स्वतंत्र व्हेंट (हवेचा पाइप), २ इंची डिस्चार्ज, त्यावर उलटं पाणी अडवणारा चेक व्हॉल्व्ह आणि वर बंद करायचा व्हॉल्व्ह.

व्हेंटकडे येऊ. पुण्या-मुंबईच्या इमारतींत व्हेंट पाइप बाहेरच्या भिंतीवर उघडाच दिसतो. इथे तो भिंतीच्या पोटात असतो, त्यामुळे चुका झाकल्या जातात. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे शॉवरचा कोरडा (फक्त हवेचा) व्हेंट स्लॅबखालून आडवा नेणं. ते चालत नाही. कोरडा व्हेंट जवळच्या बेसिन-कमोडच्या काठाच्या ६ इंच वर पोचेपर्यंत उभाच जायला हवा, नाहीतर तुंबलेलं पाणी त्यात शिरून गाळ बसतो आणि आडव्या भागात तो धुऊन जायला वाव नसतो.

म्हणून वेट व्हेंट, म्हणजे बेसिनचा ड्रेनच बाकीच्यांचा व्हेंट. बेसिनचा उभा ड्रेन २ इंची ठेवायचा, त्याच रेषेत वर २ इंची व्हेंट. खाली तो आडवा होऊन आधी शॉवर आणि शेवटी कमोड घेतो. बेसिनचं १ आणि शॉवरची २ अशी ३ फिक्स्चर युनिट (सांडपाण्याच्या भाराचं माप) होतात, २ इंची वेट व्हेंटला ४ चालतात. कमोडला शेवटी ठेवलं की यूपीसीवाल्या गावातही अडत नाही.

शॉवरच्या ट्रॅपपासून वेट व्हेंटपर्यंत २ इंची पाइपला कमाल ८ फूट. कारण सरळ आहे: फुटाला पाव इंच धरला तर ८ फुटांत २ इंच, म्हणजे पाइपच्या व्यासाइतकीच उतरण. त्याहून खाली गेलं की व्हेंटचं तोंड ट्रॅपच्या पाण्याच्या पातळीखाली जातं, सायफन लागतो, ट्रॅप रिकामा होतो आणि गटाराचा वास घरात येतो. त्यामुळे शॉवरची फांदी वायला आडवीच जोडायची. जागा वाचवायला वरून उभी टाकली की तोच एस-ट्रॅप, म्हणजे सायफनने रिकामा होणारा ट्रॅप, झाला.

वर कुठे जोडायचं? बेसमेंटच्या छतात दिसतो तो पहिल्या मजल्याचा ड्रेन, व्हेंट नव्हे. त्या मजल्यावरच्या सिंकच्या काठाच्या ६ इंच वर, म्हणजे ३६ इंची ओटा असेल तर तिथल्या जमिनीपासून साधारण ४२ इंचांवर, खऱ्या कोरड्या व्हेंटला जोडायचं.

सॅनिटरी टी (T आकाराचा जोड) फक्त उभ्या पाइपवर, बेसिनच्या ट्रॅपसाठी. आडव्यात वाय आणि ४५ अंशाचा बेंड. जुनं ओतीव लोखंड कापून पीव्हीसी वाय बसवताना दोन्ही बाजूंना स्टीलचं कवच असलेली, लोखंड-ते-पीव्हीसी कपलिंग घ्यावीत. बाहेरचे व्यास किंचित वेगळे असतात आणि नुसतं रबर मातीखाली वाकतं. कमोडच्या फ्लँजचा (जमिनीतल्या कड्याचा) मध्य तयार भिंतीपासून १२ इंच, बाजूला किमान १५. इथे तयार भिंत धरायची. नुसत्या स्टडपासून (भिंतीच्या आतल्या उभ्या चौकटीपासून) मोजलं तर ड्रायवॉलच्या जाडीइतका कमोड भिंतीला चिकटतो.

ढाळ तपासायला ४ फुटी लेव्हलच्या उताराकडच्या टोकाखाली १ इंची ठोकळा टेपने चिकटवायचा. बुडबुडा मध्यावर आला की फुटाला पाव इंच बरोबर. पाइपखाली विटांचे तुकडे नकोत, तो एका बिंदूवर टेकून राहतो. वाळू किंवा बारीक खडी सलग पसरून दाबावी.

नाली १८ इंच रुंद, १४ फूट लांब, स्लॅब ४ इंच: ७ घनफूट काँक्रीट. ८० पौंडी पोतं ०.६ घनफूट भरतं, म्हणजे १२ पोती. शॉवरखाली एक फूट चौकोन मोकळा ठेवायचा, कारण ट्रॅपची अंतिम जागा शॉवरचा बेस (खालचा ट्रे) आल्यावरच ठरते. पोस्ट-टेन्शन (आत ताणलेल्या केबल असलेला) स्लॅब असेल तर करवत लावूच नये. फुटिंगच्या (भिंतीच्या पायाच्या) बुडापासून ४५ अंशात उतरणाऱ्या रेषेखाली खणायचं नाही.

बुजवण्याआधी पाइपात पाणी भरून १५ मिनिटं चाचणी द्यायची. पाण्याचा स्तंभ काही ठिकाणी ५ फूट मागतात, काही ठिकाणी १०. किती ते परमिट घेतानाच विचारून तेवढ्या उंचीचा तात्पुरता पाइप तयार ठेवावा. इन्स्पेक्टरने जोड उघडे बघितल्यावरच वाळू पडेल.