भरलेली आली, रिकामी अडकली

जानेवारीतली सकाळ होती. हडपसरला गॅरेजचं शटर उघडून मी नुकती उदबत्ती लावली होती, तेवढ्यात फोन वाजला. लोणी काळभोरच्या माझ्या मित्राचा मुलगा. वय चोवीस, पिकअप चालवतो. भोसरीहून सफरचंदं निवडायच्या यंत्राचं सामान घेऊन तो सुमारे २,००० किलोमीटर तुडवत मनालीच्या वर, पलचानजवळच्या एका बागेत पोहोचला होता. बर्फ तो आयुष्यात पहिल्यांदा बघत होता.

“काका, गाडी चढंना. रेस दिली की शेपूट दरीकडं सरकतीय.”

“इंजिन बंद कर. गिअरमध्ये ठेव आणि डोंगराच्या बाजूनं खाली उतर. दरीच्या बाजूला कुणाला उभं राहू देऊ नको.”

तो उतरल्याचं कळल्यावर मी विचारलं, “काल आली कशी मग?”

“काल दोन वळणं चढून सरसर आली की. बर्फ कालपण होता. पण मागं माल होता ना, तेराशे किलो.”

उत्तर त्याच्याच तोंडून आलं होतं, फक्त त्याला ते कळलं नव्हतं.

पिकअपचं इंजिन आणि केबिन पुढे, जोर मात्र मागच्या चाकांना. हौदा भरलेला असला की ती चाकं रस्ता दाबून धरतात. माल उतरला की मागचा भाग हलका होतो आणि टणक पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, दबतच नाहीत. त्यात डिफरेन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटून देणारी गिअरची पेटी. साध्या डिफरेन्शियलमधून दोन्ही चाकांना सारखाच जोर जातो, आणि तो निसरड्यावरच्या चाकाला पेलेल तेवढाच. एक चाक बर्फावर गरगर फिरायला लागलं की दुसरं खडीवर असूनही गप्प उभं राहतं. फिरणारं चाक घासून घासून बर्फ वितळवतं, ते पाणी पुन्हा गोठतं आणि चाकाखाली काच तयार होते. पोरानं वीस मिनिटं रेस देऊन ती काच चांगली पक्की करून ठेवली होती. मी रागावलो नाही. ज्यानं बर्फ पाहिलेला नाही त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरच जातो.

मी फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे फौजेची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात होतो, गाड्यांचा मेकॅनिक. लडाखमध्ये दोन हिवाळे काढले. तिथे आमच्या ट्रकला चारही चाकांचा जोर होता, तरी बर्फावर पकड यावी म्हणून टायरवर चढवायची नॉन-स्किड चेन घातल्याशिवाय उस्ताद गाडी हलवू देत नसत. त्या चेन चढवताना बोटं बधिर व्हायची. निवृत्त होऊन पुण्यात आल्यावर ही विद्या पुन्हा कधी लागेल असं वाटलं नव्हतं.

“व्हिडिओ लाव. मागचं चाक दाखव,” मी म्हणालो.

चाक दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. टायर गोटा होत आलेला. तो मला अनोळखी नव्हता. महिन्यापूर्वी याच गाडीला मी दोन नवे टायर बसवले होते, ते पुढे. मालकानं पुढेच मागितले, आपल्याकडे सगळेच मागतात, कारण स्टिअरिंग पुढे असतं. पुढचं चाक घसरलं तर गाडी निदान सरळ जाते, ड्रायव्हरला कळतं आणि पाय सैल करायला वेळ मिळतो. मागचं घसरलं की गाडी भोवऱ्यासारखी फिरते. जोरही मागच्याच चाकांना असलेल्या गाडीत चांगले टायर मागेच हवेत. हे मला माहीत होतं. गिऱ्हाईक मागेल ते बसवून मी मोकळा झालो होतो आणि आता ते पोर त्याच टायरवर दरीच्या काठाला उभं होतं.

नवे असते तरी त्या थंडीत फार मऊ राहिले नसते म्हणा. आपल्याकडच्या टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं आणि पकड जाते. थंड मुलखासाठी वेगळ्या मऊ रबराचे टायर असतात. माझ्या दुकानात ते आजवर कोणी मागितलेले नाहीत.

बागेचे मालक भले माणूस. त्यांना फोनवर घेतलं आणि माझी फौजेतली हिंदी पुन्हा कामाला आली. आधी दरीकडच्या चाकांना मोठे दगड लावले. मग पहारीनं चाकांपुढची काच फोडली. नुसता भुसभुशीत बर्फ बाजूला सारून चालत नाही, खालचा चकाकणारा थर तुटायला हवा. तिथल्या घरांत लोखंडी चूल असते, तंदूर म्हणतात तिला. तिची राख आणि नदीकाठची बजरी, म्हणजे बारीक खडी, दोन्ही चाकांच्या वाटेवर पसरली.

मग वजन. बजरीची आठ पोती भरायला सांगितली, एकेक चाळीस किलोच्या आसपास. पोरानं ती फाळक्याजवळ रचली, कारण चढवायला तेच सोपं होतं.

“तिथं नको. मागच्या चाकांच्या बरोब्बर वर घे.”

“तीनशे किलो तेवढंच ना काका, कुठंबी ठेवलं तर?”

वजन ॲक्सलच्या मागे गेलं की तराजूसारखं होतं, पुढची चाकं उचलल्यासारखी हलकी पडतात. मग गाडी चढेल, पण वळणावर स्टिअरिंग ऐकणार नाही. त्यानं कुरकुरत पोती हलवली आणि दोरानं आवळून बांधली. मोकळं पोतं ब्रेकबरोबर पुढे केबिनवर येतं.

कुणीतरी तिथे सांगत होतं की टायरची हवा अर्धी सोडा. खोल मऊ बर्फात त्याचा उपयोग होतो, चाक पसरतं आणि रुतत नाही. इथे खाली टणक बर्फ होता. मागच्या चाकांत तेराशे किलोच्या मालाची हवा होती, ती रिकाम्या गाडीला हवी तेवढ्यावर आणायला सांगितली, त्याखाली नाही. बागवाल्यांच्या गाडीच्या चेन नशिबानं आमच्या टायरला बसल्या. दोन्ही मागच्या चाकांना, आतल्या बाजूची कडी आधी. पन्नास-शंभर मीटर गेलं की उतरून पुन्हा आवळायच्या, कारण चाक फिरलं की त्या सैल पडतात.

तोवर साडेअकरा झाले होते. रस्त्यावर ऊन आलेलं पाहून पोराला हायसं वाटलं, मला नाही. कडाक्याच्या थंडीतल्या कोरड्या बर्फापेक्षा शून्याच्या आसपासचा ओला बर्फ जास्त घसरतो, वर पाण्याचा पातळ थर असतो. पण संध्याकाळपर्यंत थांबावं तर तेच पाणी पुन्हा गोठणार. मी निघायला सांगितलं.

“चढाला दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच हळू सोड. चाक फिरलं तर रेस वाढवू नको, कमी कर. चढ संपला की उताराला पहिला गिअर, इंजिनवर उतर. ब्रेकला पाय लागलाच तर पिसासारखा. चेन मागं आहे, पुढच्या चाकांना काहीच नाही, हे ध्यानात ठेव. आणि आता फोन ठेव. खाली पोहोचल्यावरच कर.”

त्यानंतरची चाळीस मिनिटं फार कठीण गेली. एक बाई स्कूटरचं पंक्चर घेऊन आल्या, ते मी दुकानातल्या पोराकडून काढून घेतलं. त्यातच लोणीहून मित्राचा फोन. “पोरगं फोन उचलत नाय, तुझ्याशी बोलला का?” खोटं बोलवेना. मी म्हणालो, “बोललाय. गाडी बर्फात आहे, चेन लावलीय, हळू उतरतोय. मीच फोन ठेवायला लावलाय.” तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बरं, तू आहेस ना,” आणि त्यानं फोन ठेवला. त्या एका वाक्यानं मला बसवेना. मी शटरबाहेर सोलापूर रस्त्याला येऊन उभा राहिलो. समोरून मार्केट यार्डात कांदा उतरवून मोकळे झालेले पिकअप खडखडत परत चालले होते. जूनच्या पहिल्या पावसात, दिवे घाटात तेल आणि पाणी एक झालं की यांची शेपटंही अशीच सुटतात. बर्फ नसतो एवढंच.

साडेबाराच्या सुमाराला फोन आला.

“काका, मेन रोडला लागलो. डांबर दिसायलंय.”

“चेन काढ आधी. डांबरावर चेननं टायरही जातो, चेनही तुटते. आणि गाडी लावशील तेव्हा हँडब्रेक ओढू नको, रात्री ब्रेक गोठून चिकटतात. गिअरमध्ये ठेव, चाकाला दगड लाव.”

“पोती उतरवू का? बागवाले म्हणले राहू द्या.”

“कुलूच्या खाली जाईपर्यंत हात लावू नको पोत्यांना.”

“बरं,” तो म्हणाला. “आणि काका, आल्यावर टायर बघा जरा मागचे.”

“बघणार,” मी म्हणालो, आणि आधी लोणीला फोन लावला.