विशाखापट्टणम: रस्त्याकडेची पाणबुडी

पश्चिम किनाऱ्याची सवय असलेल्या माणसाला विशाखापट्टणमला पहिल्या सकाळी जरा चुकल्यासारखंच होतं. सूर्य समुद्रात बुडायचा सोडून समुद्रातून वर येतो, आणि लोक पहाटे पाचलाच रामकृष्ण बीचवर फिरायला हजर! दुपारी हा किनारा भाजून काढतो, त्यामुळे त्यांचंही बरोबर आहे.

आम्ही शहरदर्शनाची बस घेतली होती. गाइड उत्साही पोरगा, हिंदीला तेलुगू हेल, आणि प्रत्येक थांब्यावर तीच आरोळी: "चालीस मिनिट! फोटो, टॉयलेट, सब उसमें!" सिंहाचलमला या चाळीस मिनिटांतली बहुतेक रांगेतच गेली. वराह-नरसिंहाची मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली झाकलेली असते, मूळ रूपात दर्शन फक्त अक्षय्य तृतीयेला. त्यामुळे आम्हाला दिसला तो चंदनाचा उंचवटा. कैलासगिरीवर शंकर-पार्वतीच्या पांढऱ्याशुभ्र मूर्तींसमोर फोटोची झुंबड होती. मला विचाराल तर मूर्तींकडे पाठ करून कठड्यापाशी उभं राहावं. खाली किनाऱ्याची लांबलचक कमान, आणि दूर दक्षिणेला समुद्रात घुसलेला 'डॉल्फिन्स नोज' डोंगर. त्याच्याच आडोशाने इथलं बंदर वसलं, 1933 मध्ये सुरू झालं. नौदलाच्या पूर्व विभागाचं मुख्यालयही याच शहरात आहे.

पण या सहलीत पैसे वसूल झाले ते बीच रोडवर. 'आयएनएस कुरसुरा' ही खरीखुरी पाणबुडी तिथे वाळूत उभी आहे. सोव्हिएत बनावटीची, 91 मीटर लांब, 1969 मध्ये नौदलात आली आणि 2001 मध्ये निवृत्त झाली. पुढच्याच वर्षी तिचं संग्रहालय झालं. आत माहिती द्यायला नौदलातून निवृत्त झालेली माणसं असतात. आमच्या वाट्याला आलेले काका नोकरीत असताना काही वर्षं कुलाब्याला होते. मराठी ऐकून खुलले आणि "चला, डोकं सांभाळा" हे शुद्ध मराठीत म्हणाले.

डोकं सांभाळावं लागतंच. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायची दारं गोल. आधी पाय घालायचा, मग कंबर, मग उरलेले आपण. दोन्ही बाजूंना पाइप, व्हॉल्व्ह, तबकड्या; हात ठेवायला मोकळी भिंत म्हणून नाही. पुढच्या टोकाला टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून सोडायचे पाणतीर, त्यांच्या सहा नळ्या, मागे चार. झोपायच्या फळ्या इतक्या अरुंद की कूस बदलायची तर उठूनच बदलावी. पंचाहत्तरच्या आसपास माणसं आणि बंक त्याहून कमी, म्हणून एकाची पाळी संपली की दुसरा त्याच ऊबदार अंथरुणात. "आणि आंघोळ?" आमच्यातल्या एका काकूंनी विचारलं. काका नुसते हसले. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून पाण्याखाली सगळा कारभार बॅटरीवर. बॅटरी चार्ज करायची तर हवा घ्यायला पृष्ठभागाजवळ यायचं, आणि नेमकं तेव्हाच शत्रूला दिसायची भीती. हे त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की बसमधली दंगेखोर मुलंसुद्धा गप्प झाली.

जवळच 1971 च्या युद्धाचं विजयस्मारक आहे. पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी त्या डिसेंबरात याच शहरासमोर बुडाली. ती आपल्या नौदलाच्या माऱ्याने बुडाली असं आपण म्हणतो, आतल्याच स्फोटाने असं पाकिस्तान म्हणतं. ती आली होती आपल्या 'विक्रांत' या विमानवाहू युद्धनौकेच्या मागावर. विक्रांत मात्र तेव्हा दूर अंदमानकडे होती.

इथे माझ्यातला मुंबईकर जरा खट्टू झाला. तीच विक्रांत पुढे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, शाळेच्या सहली जायच्या. आणि 2014 मध्ये भंगारात निघाली. देखभालीचा खर्च, जागा, सगळी कारणं ठाऊक आहेत. पण विशाखापट्टणमने एक पाणबुडी किनाऱ्यावर ओढून आणून जपली, वर समोरच टीयू-142 हे अजस्र टेहळणी विमानही 2017 मध्ये आणून ठेवलं. चार इंजिनं आणि प्रत्येकावर एकामागे एक दोन पंखे! ते बघून हेवा वाटला, खोटं कशाला बोला.

जेवणात गरम भातावर पप्पू (म्हणजे वरण), तूप आणि तिखटजाळ पोडी, म्हणजे कोरडी चटणी. गोंगुराचं, म्हणजे आपल्या अंबाडीचं, लोणचं दोनदा मागून घेतलं. संध्याकाळचा ऋषिकोंडा किनारा छान आहे, पण तोवर पाय बोलायला लागले होते.

कोणी जाणार असाल तर बस ठरवतानाच विचारून घ्या की बीच रोडला किती वेळ देणार. तासाभरात पाणबुडी, विमान आणि स्मारक उरकणार असतील तर सरळ रिक्षा करून स्वतः जा. कुरसुरा सोमवारी बंद असते. गुडघे दुखत असतील तर त्या गोल दारांचा विचार आधीच करा, आणि आतल्या काकांना प्रश्न विचारा. विचारल्याशिवाय ते आंघोळीपर्यंत पोचत नाहीत.