एसएसडी घेताना स्पेक्सने डोकं खाल्लं, माझा अनुभव

लॅपटॉपच्या एम.२ स्लॉटमध्ये १ टीबीची एनव्हीएमई (म्हणजे वेगवान जोडणीची) एसएसडी टाकायची होती, एवढंच. पण एकाच मॉडेलबद्दल एक जण म्हणतो आतली फ्लॅश (डेटा साठवणारी मेमरी) टीएलसी आहे, दुसरा छातीठोक सांगतो क्यूएलसी, आणि कंपनीच्या डेटाशीटमध्ये नुसतं "थ्रीडी नँड" लिहून विषय संपवलेला. अहो पण थ्रीडी नँड, म्हणजे थरावर थर रचलेली फ्लॅश, तर दोन्ही असतात! टीएलसीच्या एका सेलमध्ये ३ बिट बसतात आणि क्यूएलसीच्या ४, म्हणून क्यूएलसी स्वस्त पडते पण लिहायला स्लो आणि झिजतेही लवकर, म्हणजे जे कळायला हवं नेमकं तेच गाळलेलं.

जरा खोदल्यावर कळलं की दोघंही खरं बोलत असू शकतात. काही कंपन्या मॉडेलचं नाव तेच ठेवून आतला कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) किंवा फ्लॅश मागाहून बदलतात, त्यामुळे रिव्ह्यूला गेलेला पीस वेगळा आणि आज खोक्यातून निघणारा वेगळा. खोक्यावर स्पीडच्या आधी "अप टू" असतं ना, त्यात सगळं खपतं.

मग मी स्पीडचे आकडे बघणंच सोडलं आणि कंपनी लेखी कशाला बांधली गेलीये तेवढंच बघितलं, म्हणजे वॉरंटी आणि टीबीडब्ल्यू (वॉरंटीत एकूण किती टेराबाइट लिहिता येईल तो आकडा). ५ वर्षं आणि ६०० टीबीडब्ल्यू म्हणजे रोज साधारण ३२८ जीबी लिहायचं, तेवढं माझ्याकडून जन्मात होणार नाही, पण हा आकडा आत काय असेल याचा अंदाज द्यायला कामी येतो. त्याच क्षमतेच्या दुसऱ्या ड्राइव्हचा टीबीडब्ल्यू फारच कमी दिसला की मला क्यूएलसीचा वास येतो. डेटाशीटमध्ये टीएलसी स्पष्ट लिहिलेलं नसेल तर मॉडेल यादीतून बाद. डीरॅमवर (कुठला डेटा कुठे आहे याचा नकाशा ठेवणारी ड्राइव्हमधली चिप) मात्र अडून बसलो नाही, एनव्हीएमईला एचएमबी (होस्ट मेमरी बफर) मिळतं, ते लॅपटॉपचीच थोडी रॅम वापरतं, घरगुती कामाला पुरतं. (साटा, म्हणजे जुन्या, हळू जोडणीच्या ड्राइव्हला ही सोय नाही, तिथे डीरॅम बघाच.)

ड्राइव्ह आल्यावर रिटर्नची मुदत असेपर्यंतच टेस्ट उरकली. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ड्राइव्हचं फर्मवेअर बघितलं, आणि मग सलग लिहिणारं टेस्ट सॉफ्टवेअर लावून ड्राइव्ह भरत गेलो, कारण सुरुवातीचा भन्नाट स्पीड एसएलसी कॅशचा (सेलमध्ये एकच बिट लिहून तात्पुरती वेगवान केलेली जागा) असतो, ती भरली की खरं रूप दिसतं. स्पीड दणकन पडला, पण साटाच्या सेकंदाला ५५० एमबीच्या वरच टिकला. हार्ड डिस्कच्याही खाली गेला असता तर सरळ परत पाठवणार होतो.